क्रूझरच्या तक्त्यात राहून गेलेले रकाने

प्रति,
संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत क्रूझर मोटारसायकलींची तुलना आणि शेजारच्याच पानावर वाचकांच्या जुन्या गाड्यांच्या आठवणी असे दोन्ही एकत्र वाचायला मिळाले. आठवणी झकास होत्या. तुलनेचा तक्ता मात्र सीसी, पीएस (इंजिनची ताकद, अश्वशक्तीत), मायलेज आणि किंमत या चार रकान्यांतच संपला. एवढ्या चार आकड्यांवर क्रूझर घेणारा माणूस सहा महिन्यांत कंबर धरून गॅरेजमध्ये येतो आणि म्हणतो, मागचे शॉकअप बदला. बहुतेक वेळा शॉकअप चांगले असतात.

मुळात क्रूझर कशाला म्हणायचे? लेखात बुलेटलाही क्रूझरच्या पंगतीत बसवले आहे. बुलेटचे फूटरेस्ट जवळपास गुडघ्याखाली येतात. खड्डा दिसला की पायांवर भार देऊन बूड उचलता येते. क्रूझरची सीट खाली, पाय पुढे आणि हँडल मागे ओढलेले. पाय पुढे गेले की त्यांच्यावर उभे राहता येत नाही, सगळा भार माकडहाडावर येतो आणि प्रत्येक आदळ मणक्यातून वर जाते. लांबलचक सरळ अमेरिकी रस्त्यांवर ही बैठक आरामखुर्चीसारखी वाटते. आपल्याकडे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धीवर दुचाकीला परवानगीच नाही. त्यामुळे क्रूझरच्या वाट्याला येतो तो जुना हायवे, गावागावांतले स्पीडब्रेकर आणि घाट. तुलना करायची तर याच रस्त्यावर करायला हवी.

आधी स्पीडब्रेकर घेऊ. रॉयल एनफील्डच्या सुपर मीटिऑर ६५०चा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची) १३५ मिमी आणि व्हीलबेस (दोन चाकांच्या अ‍ॅक्सलमधले अंतर) १५०० मिमी. मीटिऑर ३५०चे हेच आकडे १७० आणि १४००, बजाज अ‍ॅव्हेंजर २२०चे १६९ आणि १४९०. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाने स्पीडब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. तसा असेल तर दीड मीटर व्हीलबेसच्या गाडीच्या पोटाला दोन चाकांच्या मध्ये जेमतेम १६-१७ मिमी उंचवटा भेटतो, म्हणजे काहीच नाही. गावाने स्वतः घातलेला स्पीडब्रेकर मात्र जेमतेम हातभर रुंद असतो आणि उंची तीच, १० सेंमी. दोन्ही चाके त्याच्या दोन बाजूंना उतरतात आणि त्याची सगळी उंची पोटाखाली येते. डबलसीट बसल्यावर गाडी तीस-चाळीस मिमी खाली बसते, ती १३५ मधून वजा करा म्हणजे सायलेन्सरचा पाइप आणि फ्रेमची नळी खालून का घासलेली असते ते कळेल. अशा ठिकाणी गाडी तिरकी घालावी आणि पुढचे चाक चढण्याआधी ब्रेक सोडावा. ब्रेक दाबलेला असताना फोर्क, म्हणजे पुढचे शॉकअप, दबलेला असतो, आणि नेमकी त्याच क्षणी उंची हवी असते.

कंबरदुखीवर लोक हमखास एक उलटा उपाय करतात. मागचे शॉकअप मऊ वाटले की स्प्रिंग आवळणारी कॉलर फिरवून शेवटच्या खाचेत नेतात. एकट्या माणसाला त्यात स्प्रिंग दबतच नाही आणि शॉकअपची पूर्ण लांबी सुटलेली राहते. मग चाक खड्ड्यात जाते तेव्हा खाली जायला हालचालच शिल्लक नसते आणि गाडी खड्ड्यात पडल्यासारखी आदळते. योग्य खाच मोजून ठरवता येते. मागचे चाक अधांतरी करा. मेन स्टँड नसेल तर दुसऱ्याने गाडी साइड स्टँडवर कलवून धरावी. अ‍ॅक्सलपासून सीटखालच्या एखाद्या बोल्टपर्यंत सरळ वर अंतर मोजा. मग गाडी चाकांवर उभी करून, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून बसा आणि तेच अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्या. दोन मापांतला फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतका हवा. सुपर मीटिऑरचे मागचे चाक १०१ मिमी हलते, म्हणजे ३३-३५ मिमी. डबलसीट आणि सामान घेऊन निघताना दोन खाचा वाढवा, परत आल्यावर आठवणीने उतरवा. एवढे करूनही दुखलेच तर सीटचा फोम बघा. पातळ मऊ फोम शोरूममध्ये गादीसारखा वाटतो आणि पन्नास किलोमीटरवर खालचा पत्रा लागायला लागतो. चांगल्या डेन्सिटीचा फोम घालून सीट पुन्हा शिवून घेणे शॉकअपच्या नव्या जोडीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

आता पीएसचा रकाना. मीटिऑर ३५० साधारण २० पीएस, अ‍ॅव्हेंजर २२० साधारण १९ पीएस. तक्ता वाचणाऱ्याला दोन्ही गाड्या सारख्याच वाटणार, वर अ‍ॅव्हेंजर १६३ किलोची आणि मीटिऑर १९१ किलोची. पण मीटिऑरचे २० पीएस ६१०० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) मिळतात आणि अ‍ॅव्हेंजरचे १९ पीएस ८५०० ला. मधल्या आरपीएमचे गणित कोणालाही करता येईल: टॉर्कचे, म्हणजे इंजिनच्या पिळण्याच्या जोराचे, न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम, भागिले ९५४९, म्हणजे किलोवॅट. मीटिऑरला ४००० आरपीएमला २७ न्यूटन-मीटर टॉर्क आहे, म्हणजे ११.३ किलोवॅट, सुमारे १५ पीएस. अ‍ॅव्हेंजरचा सर्वाधिक टॉर्क १७.५ न्यूटन-मीटर आणि तोही ७००० ला. तो सगळाच्या सगळा ४००० ला मिळतो असे धरले तरी १० पीएसच्या वर जात नाही. आंबोलीच्या चढावर मागे माणूस बसलेला असताना हा फरक जाणवतो. मीटिऑर आहे त्या गिअरवर चढते, अ‍ॅव्हेंजरला एक, कधी दोन गिअर उतरवावे लागतात. उतरवले तर तीही मजेत चढते. जे उतरवत नाहीत त्यांच्या गाड्या धक्के खातात, चेन सैल पडते आणि क्लच प्लेटा लवकर जातात.

इथे एका गैरसमजाबद्दलही सांगायला हवे. जास्त फिरणारे इंजिन लवकर बसते, असे आठवणींत दोघांनी लिहिले आहे. पिस्टनचा वेग काढून बघा. मीटिऑरचा स्ट्रोक (पिस्टनची एका दिशेची धाव) ८५.८ मिमी, ६१०० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १७.४ मीटर. अ‍ॅव्हेंजरचा स्ट्रोक ६२.४ मिमी, ८५०० ला १७.७ मीटर. दोन्ही पिस्टन सारखेच धावतात.

टायरचा रकाना तर तक्त्यात नव्हताच, आणि क्रूझरवाला रस्त्यात अडकतो तो नेमका टायरमुळे. अ‍ॅव्हेंजरच्या मागच्या टायरचे माप १३०/९०-१५. म्हणजे रुंदी १३० मिमी, उंची तिच्या ९० टक्के, ११७ मिमी, आणि रिम १५ इंची. मीटिऑरचा १४०/७०-१७, उंची ९८ मिमी. बाहेरचा व्यास दोघांचा जवळपास सारखाच, एक सुमारे ६१५ तर दुसरा सुमारे ६२८ मिमी. पण अ‍ॅव्हेंजरच्या टायरची भिंत १९ मिमी जास्त उंच असल्याने ती लहान खड्डे स्वतःच गिळते. तिच्या मऊपणात शॉकअपइतकाच टायरचा वाटा आहे. किंमत मोजावी लागते ती पंक्चरच्या वेळी. तिच्या क्रूझ मॉडेलला तारांची चाके आणि ट्यूब असते. तारांच्या निपलची भोके रिममध्ये असल्यामुळे ट्यूबशिवाय हवा धरत नाही, आणि मोटारसायकलची पंधरा इंची ट्यूब हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे सहसा सापडत नाही. लांब जाताना सीटखाली एक ट्यूब आणि मागच्या अ‍ॅक्सलचा पाना ठेवावा. टायर बदलताना दुकानदार जवळच्या मापाचा दुसरा टायर चालेल म्हणतो, ते ऐकू नये. बुटक्या टायरने मागची बाजू खाली जाते, फोर्क आणखी आडवा होतो आणि आधीच हलके असलेले पुढचे टोक ट्रकच्या वाऱ्याने डुलायला लागते.

ब्रेकच्या बाबतीत जुन्या पिढीचा एक सल्ला अजून फिरतो आहे: पुढचा ब्रेक लावू नकोस, गाडी पलटी मारेल. साध्या मोटारसायकलला तो चुकीचाच आहे. क्रूझरच्या बाबतीत मात्र मागच्या ब्रेकला खरोखर जास्त मान द्यावा लागतो. व्हीलबेस लांब आणि वजन खाली असल्यामुळे ब्रेक लावल्यावर भार कमी प्रमाणात पुढे सरकतो, त्यामुळे मागच्या चाकाची पकड शिल्लक राहते. ती वापरली नाही तर थांबण्याचे अंतर वाढते. मीटिऑरला दोन्ही चाकांना डिस्क आणि दोन्हींवर एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे. अ‍ॅव्हेंजरला मागे ड्रम आणि एबीएस फक्त पुढच्या चाकाला. म्हणजे पावसात पायाने मागचा ब्रेक दाबून धरला तर मागचे चाक लॉक होऊन घसरणार, हे डोक्यात ठेवूनच चालवावी. ड्रमच्या पॅडलचा फ्री प्ले (ब्रेक लागण्याआधीची मोकळी हालचाल) २०-२५ मिमी ठेवा. त्याहून कमी ठेवला तर लायनर घासून ड्रम तापतो.

आवाजावर आठवणींच्या पानाने निम्मी जागा खर्च केली आहे, तेव्हा त्यावरही थोडे. जुन्या ३५० बुलेटचे बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिमी आणि स्ट्रोक ९० मिमी, जड फ्लायव्हील, आणि थरथर मारणारा बॅलन्सर शाफ्ट नाही. त्यातून तो ठोका येई. त्याच थरथरीने बल्बच्या तारा तुटत, नंबरप्लेटला चिरा जात, बोल्ट ढिले होत. मीटिऑरच्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट घातला, थरथर गेली आणि तिच्याबरोबर ठोक्याचा काही भागही गेला. दोन्ही एकदम मिळणार नाहीत. हार्लेच्या ४५ अंशांच्या व्ही-ट्विनमध्ये दोन्ही कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे) एकाच क्रँकपिनवर असल्याने स्फोट ३१५ आणि ४०५ अंशांच्या अंतराने होतात, म्हणून तो लंगडा ताल. सुपर मीटिऑरमध्ये दोन सिलिंडर शेजारी शेजारी आहेत, पण क्रँक २७० अंशांचा केल्यामुळे तिचा आवाज ९० अंशांच्या व्ही-ट्विनच्या जवळ जातो. सायलेन्सर बदलून हा ताल बदलत नाही, गोंगाट तेवढा वाढतो. बीएस-६ गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्टमध्येच असतात. ते काढून रिकामा पाइप लावला की इंधनाचे मोजमाप बिघडते आणि चेक इंजिनचा दिवा पेटतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम १९०(२) आहेच. पोलिसांनी असे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोलर फिरवल्याचे फोटो आपणही छापले असतील.

किंमतीच्या रकान्याला एक तळटीप हवी होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, आणि त्यापुढच्यांचा, आधी सेससह ३१ टक्के होता, तो ४० झाला. ३४९ सीसीची मीटिऑर आणि ४५१ सीसीची कावासाकी एलिमिनेटर यांच्या किमतींतल्या अंतरात हा कर मिसळलेला आहे. एलिमिनेटर १७६ किलोची आणि ४५ पीएसची, म्हणजे मीटिऑरपेक्षा हलकी आणि दुपटीहून ताकदवान. ज्याला ते परवडते त्याने सीसीकडे बघून नाक मुरडू नये.

आता आठवणीतल्या गाड्या. २००१ ची कावासाकी-बजाज एलिमिनेटर, २००२ ची यामाहा एन्टायसर, त्याच सुमाराची रॉयल एनफील्ड थंडरबर्ड, २००५ ची अ‍ॅव्हेंजर १८०: आपल्याकडच्या क्रूझरचे घराणे हेच. आठवणी वाचून यांतली एखादी शोधायला निघालेल्यांनी आधी इंजिनची जात बघावी. अ‍ॅव्हेंजरचे इंजिन पल्सरच्या घरातले, त्यामुळे पिस्टन, रिंगा, क्लच प्लेटा तालुक्याच्या दुकानातही मिळतात. त्या जुन्या एलिमिनेटरचे १७५ सीसी इंजिन कावासाकीचे होते, तिथे पल्सरचा माल चालत नाही. पहिल्या थंडरबर्डचे अ‍ॅल्युमिनियमचे लीन-बर्न (पातळ मिश्रणावर चालणारे) इंजिन ऑस्ट्रियाच्या एव्हीएल कंपनीच्या मदतीने केलेले. त्याला लोखंडी बुलेटचा हेड बसत नाही आणि नंतरच्या यूसीईचाही (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असलेले इंजिन) बसत नाही. वाईजवळ जुळणी व्हायची ती ह्योसंगची अक्विला २५० दिसायला रुबाबदार, व्ही-ट्विन, पण दोन सिलिंडर म्हणजे दोन हेड आणि सगळ्याच सुट्या भागांची दुप्पट वणवण.

२००८-०९ नंतरच्या यूसीई इंजिनाच्या थंडरबर्डमध्ये टॅपेट (व्हॉल्व्ह उचलणारे भाग) हायड्रॉलिक आहेत, त्यांना हात लावावा लागत नाही. तिचे दुखणे वेगळे. सेल्फचा स्प्रॅग क्लच, म्हणजे सेल्फला इंजिनशी जोडणारा एकतर्फी क्लच, जातो. बॅटरी उतरलेली असताना सेल्फ मारला की इंजिन हळू फिरते, उलटा झटका देते आणि स्प्रॅगचे रोलर मोडतात. भाग लहान, पण काढायला इंजिनचे कव्हर उघडावे लागते. मीटरवर बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली दिसली तर किक मारा. किक त्याचसाठी दिली होती. लोखंडी बुलेटमध्ये सेल्फची कटकट नाही, पण कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला रोलर बेअरिंगऐवजी तरंगता बुश आहे. त्याला सतत ताजे ऑइल लागते, आणि तासन्तास नव्वदच्या वेगाने पळवलेली गाडी तिथेच मरते. तिचे टॅपेट इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला आणून लावायचे. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी.

ज्यांच्या घरी अशी गाडी गोणपाटाखाली उभी आहे त्यांनी थेट सेल्फ मारू नये. प्लग काढून भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर थांबा. मग प्लग न लावता किकने हळू फिरवा. किक नसेल तर टॉप गिअर टाकून मागचे चाक हाताने फिरवा. रिंगा चिकटलेल्या असतील तर अशाने सुटतात, जोर केला तर तुटतात. टाकीतले जुने पेट्रोल पूर्ण काढा. आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने पाणी ओढून घेतलेले असते, ते तळाला बसते आणि पत्रा आतून खाते. पेट्रोल कॉकची जाळी आणि फ्लोट बाउलची ओ-रिंग नवी घाला, कारण जुने रबर इथेनॉलमध्ये फुगते. कार्ब्युरेटरचा पायलट जेट (संथ गतीला पेट्रोल सोडणारे बारीक भोक) उजेडाकडे धरून बघा. आरपार उजेड दिसला नाही तर कार्ब क्लीनर आणि हवा मारा, तार घालून भोक मोठे करू नका. एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते, २० टक्के इथेनॉल असलेल्याला सुमारे १३.५. म्हणजे निव्वळ पेट्रोलवर सेट केलेला कार्ब्युरेटर आता सात-आठ टक्के पातळ मिश्रण देतो. प्लग पांढरा पडत असेल तर मेन जेट एक नंबर मोठा करा. मिश्रणाचा स्क्रू फिरवण्याआधी तो कुठे आहे ते बघा. बुलेटच्या मिककार्ब कार्ब्युरेटरवर तो एअर फिल्टरच्या बाजूला असतो, आत फिरवला की मिश्रण घट्ट होते. इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर फिरवल्यावर घट्ट होते. निम्मे लोक इथेच उलटे करून बसतात. टायरची नक्षी शाबूत असली तरी बाजूचा चार आकडी शिक्का वाचा: २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. अशा टायरवर हायवेला जाऊ नये. गाडी पंधरा वर्षांची झाली असेल तर आरटीओत तपासणी करून नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर, आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) पाटी, एवढे झाल्याशिवाय ती रस्त्यावर आणू नका.

आपल्याला विनंती अशी, की पुढच्या तुलनेत मिड-रेंजचा टॉर्क कोणत्या आरपीएमला, मागच्या चाकाची हालचाल, टायरचे माप आणि ट्यूब आहे की नाही, मागच्या चाकाला एबीएस आहे का, आणि उताराकडे तोंड करून पार्क केलेली गाडी एकट्याने मागे ढकलून काढता येते का, हे रकाने घ्यावेत. शेवटचा रकाना गंमत म्हणून सुचवलेला नाही. सुपर मीटिऑर २४१ किलोची आहे आणि तिला रिव्हर्स गिअर नाही. उताराकडे तोंड करून भिंतीला लावली तर काढायला दोन माणसे लागतात.

जाता जाता एक दुरुस्ती. आठवणींच्या पानावर एका छायाचित्राखाली ‘१९९८ मधील एलिमिनेटर’ असे छापले आहे. ही गाडी आपल्या बाजारात आली २००१ मध्ये.

आपले,
दुचाकी दुरुस्तीच्या व्यवसायातले दोन वाचक, सातारा